जांभळाच्या बियांची पूड

माझ्या मुलीच्या रक्तात साखर वाढली आहे, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिच्या आईच्या आधी, डॉक्टरांच्या आधी, सतरा दिवस आधी. मी ते लपवलं आणि तिलाही लपवायला लावलं. सायली गेली. त्यानंतर तीन वर्षं तिची आई, वैशाली, ‘मी घरात होते, मला कसं दिसलं नाही’ म्हणून स्वतःला कुरतडत राहिली आणि मी तिच्या शेजारी बसून गप्प राहिलो. पहिल्या चुकीला निदान मूर्खपणा म्हणता येईल. दुसरीला काय म्हणावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

जांभळं आली आहेत. बदलापूर स्टेशनाबाहेर डोंगराकडच्या वाड्यांमधल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या आहेत. सागाच्या पानाचा द्रोण, त्यात ओंजळभर जांभळं, वर मिठाची चिमूट. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिथे जिथे एखादं झाड टॉवरवाल्यांच्या तडाख्यातून वाचलं आहे, तिथे डांबरावर सडा पडतो, रिक्षांची चाकं तो चिरडत जातात आणि गोडसर, आंबूस वास दुपारभर तिथेच तरंगत राहतो. लोक म्हणतात, यंदा फळ चांगलं आहे. मी वाट बदलून जातो. पण मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात बदलापुरात जांभूळ चुकवून जायला वाटच नाही.

मी नौदलात सव्वीस वर्षं हेलिकॉप्टर उडवलं. वर-खाली होणाऱ्या जहाजाच्या पाठीवर, टेनिस कोर्टाहून लहान जागेत, ते उतरवायचं हे माझं काम. कामात मी चांगला होतो. घरात पाहुणा होतो. कोची, गोवा, विशाखापट्टणम अशी वैशालीनं किती घरं लावली आणि खोक्यांत भरली, ते तीच सांगू शकेल. सायलीचा पहिला दात पडला तेव्हा मी समुद्रात होतो. तिला सायकल यायला लागली हे मला फोनवर कळलं, तेही चार दिवसांनी. सुट्टीवर आलो की ती आधी आईच्या मागे उभी राहून मला निरखायची. दोन दिवसांनी माझ्या मांडीवर यायची आणि मग माझी निघायची वेळ व्हायची.

मे महिन्यात मात्र मी काहीही करून बदलापूर गावातल्या आमच्या जुन्या घरी यायचो. भाऊबंदांना वाटायचं, आंब्यासाठी येतो. खरं कारण निराळं होतं. जूनमध्ये माझी वार्षिक वैद्यकीय तपासणी असायची आणि चाळिशी गाठता गाठता माझी साखर काठावर येऊन थांबली होती. पलीकडे गेली असती तर माझं उडणं बंद.

वैमानिकांचं आणि डॉक्टरांचं नातं बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या तुकडीचा डॉक्टर आमचा मित्र असायचा, आमच्याबरोबर जेवायचा, पत्ते खेळायचा. आणि त्याच्याइतकी भीती आम्हाला वादळाचीही वाटत नसे. साधी सर्दी झाली तरी तो आठवडाभर उडणं बंद करून खाली बसवू शकत असे. मी नवा असताना माझ्या वरिष्ठानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “डॉक्टरला घरी बोलव, मासे खाऊ घाल, त्याच्या बायकोची चौकशी कर. फक्त त्याच्यासमोर शिंकू नकोस.” विचारल्याशिवाय सांगायचं नाही, विचारलं तर जेवढ्यास तेवढं. ही शिकवण कुठल्याही पुस्तकात नव्हती. पुस्तकात नेमकं उलटं लिहिलेलं होतं. ही आमची, आमच्यापुरती रीत होती.

आणि गंमत अशी की यंत्राच्या बाबतीत आम्ही काहीही लपवत नसू. उतरल्यावर हातातल्या दांड्याला जराशी वेगळी थरथर जाणवली होती, एवढंसुद्धा आम्ही नोंदवहीत लिहायचो आणि खाली सही करायचो. ते न लिहिणारा माणूस आमच्यात हलका समजला जाई. शरीराचं मात्र जो खरं लिहील तो वेडा. सव्वीस वर्षं ही दोन्ही तत्त्वं माझ्या एकाच डोक्यात शेजारी शेजारी सुखानं नांदली.

माझी आई जांभळाच्या बिया धुवायची, गच्चीवर सुपात वाळत घालायची, खलबत्त्यात कुटायची आणि पातळ कापडातून गाळून घ्यायची. राखाडी, मातकट पूड. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यातून घेतली की जिभेवर दुपारपर्यंत तुरटपणा बसायचा. “डाक्टरला काय कळतंय?” आई म्हणायची. “आपल्या झाडाला कळतंय. पी मुकाट्यानं.” वर कारल्याचा रस, भात बंद, बारवी धरणाच्या रस्त्यानं रोज दोन तास चाल. तीन आठवड्यांत आकडा खाली यायचा, जूनमध्ये मी पास व्हायचो. वैशालीला हे सगळं ठाऊक होतं, ती हसायची. सायली लहान होती तेव्हा जांभळं खाऊन माझ्यासमोर उभी राहायची, जीभ बाहेर काढायची आणि विचारायची, “मी पास का नापास?”

“पास,” मी म्हणायचो. आमच्या घरात हा खेळ होता. घरातलं माणूस काहीतरी लपवून तपासणीला सामोरं जातं आणि सुटतं, हे माझी मुलगी खेळता खेळता शिकत होती.

निवृत्त झाल्यावर आम्ही अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅट घेतला आणि मला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याचं काम मिळालं. अजूनही तेच करतो. दर सोमवारी पहिल्या पाळीची माणसं रिक्षांतून उतरली की मी त्यांना गेटापाशी थांबवतो आणि सांगतो, किरकोळ लागलं तरी सांगा, चक्कर आली तरी सांगा, सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

“साहेब, सांगितलं तर घरी पाठवत्यात. हजेरी जातीय,” मागून एकजण म्हणतो.

“नाही जाणार.”

“मग तसं लिहून द्या की.”

सगळे हसतात. मीही हसतो. सायली गेल्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारीही मी तिथे उभा राहून हेच बोललो होतो. शब्द अडला नाही. माणसाला किती बोलता येतं, याचं मला तेव्हापासून भय वाटतं.

मुलींना सैन्यदलांच्या अकादमीत प्रवेश मिळू लागला तेव्हा सायली अकरावीत होती. बारावीच्या वर्षी तिनं मला न सांगता अर्ज भरला, लेखी परीक्षा दिली आणि निकाल आल्यावर मोबाइल माझ्यापुढे धरला. मी उभाच राहिलो. जिच्या वाढदिवसांना मी बहुधा नव्हतो, त्या मुलीला मी व्हायचं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाखत आणि तिथून लगोलग वैद्यकीय तपासणी.

मुलाखतीसाठी तिच्या दोन पँट शिवायला टाकल्या होत्या, उल्हासनगरात, एका म्हाताऱ्या सिंधी शिंप्याकडे. एप्रिलअखेर मापं दिली. पंधरा दिवसांनी बघायला गेलो, मी आणि सायली दोघंच. रिक्षात तिनं पाण्याची बाटली संपवली होती. दुकानात शिंप्यानं तिच्या कमरेला टेप लावला, वही बघितली, पुन्हा टेप लावला.

“साईं, नेव्हीवालों ने घर का किचन बंद केला काय? पंधरा दिवसांपूर्वी कमर सत्तावीस, आज पंचवीस. ये डायट मेरी घरवाली को भी बताओ.”

सायली खळखळून हसली. “अंकल, पाणी आहे का अजून?”

“पी ना बेटा, पूरी टाकी पी.”

मीही हसलो. पण सत्तावीस आणि पंचवीस हे दोन आकडे माझ्याबरोबर घरी आले. दोन इंच, पंधरा दिवसांत, व्यवस्थित जेवणाऱ्या मुलीचे. मला आकडे वाचता येतात. माझा सगळा जन्म काट्यांकडे बघण्यात गेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली भाजी आणायला खाली गेली होती. मी माझं साखर मोजायचं यंत्र काढलं आणि सायलीला गॅलरीत बोलावलं. तिनं बोट पुढे केलं. अनशापोटी तीनशे बारा.

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. “बाबा, हे कागदावर आलं तर संपलं ना?”

त्या क्षणी मी बाप असतो तर चप्पल घालून तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेलो असतो. मी वैमानिक होतो. मी म्हणालो, “कागदावर येऊच द्यायचं नाही.”

“आईला?”

“तिला उगाच घोर. तपासणी झाली की मीच सांगेन.”

ती हसली. मुठीवर मूठ आपटली. आणि मला आनंद झाला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, पण हेच खरं आहे. तीनशे बारा हा आकडा हातात असताना मला आनंद झाला, कारण अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर माझ्या मुलीनं पहिल्यांदा आईला सोडून मला निवडलं होतं.

मग सतरा दिवस. माझ्या आईकडून पूड आणली. तिला वाटलं, माझ्यासाठीच. पहाटे उजाडताना मी आणि सायली चालायला निघायचो. शिवमंदिराकडून नाल्याच्या कडेनं, पुढे मोकळ्या रस्त्याला. तिला मी समुद्रातल्या गोष्टी सांगायचो, ज्या सांगायला कधी वेळच मिळाला नव्हता. ती दमायची, दगडावर बसायची. मी म्हणायचो, अजून पाचशे पावलं. ती उठायची. तिनं एकदाही तक्रार केली नाही, आणि त्या न केलेल्या तक्रारीला मी शाबासकी देत होतो. आकडा एक दिवस दोनशे नव्वद आला तेव्हा आम्ही दोघांनी टाळी दिली. पुढच्या दिवशी तीनशे साठ आला तेव्हा मी म्हणालो, काल आमरस झाला होता ना, म्हणून. माझी साखर उतरली होती म्हणजे तिचीही उतरेल, एवढाच माझा हिशेब. माझा आजार हळू चालणारा होता आणि तिचा धावणारा. दोन्हींचं नाव एक असलं तरी जात वेगळी होती. हे मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्याच्याकडे न जाण्यासाठीच तर मी एवढी धडपड करत होतो.

शेवटच्या दोन दिवसांत तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला. मला वाटलं, जांभळं खाल्ली असतील.

सतराव्या दिवशी दुपारी तिला उलट्या झाल्या. ती भराभर, खोल श्वास घेऊ लागली आणि वैशाली तिचा हात धरून विचारत असताना काहीतरी असंबद्ध बोलली. रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. स्टेशनाजवळच्या फाटकापाशी गर्दी होती. वैशाली रिक्षावाल्याला ओरडत होती, “दादा, कुठूनही घाला, पण घाला.”

डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. सायलीच्या बोटाला टोचत त्यांनी विचारलं, “तहान कधीपासून लागत होती?”

“उन्हाळा आहे ना हो,” वैशाली म्हणाली. “आम्हाला वाटलं, उन्हानं.”

“साखर आधी कधी तपासली होती?”

“नाही. कधीच नाही.”

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, जसं दोन माणसं समोर असताना दोघांकडे पाहतात तसं. मी म्हणालो, “नाही.”

त्या शब्दानं उपचारात काही फरक पडला नाही. त्यांना जे कळायचं ते दोन मिनिटांत कळलंच. पण विचारलं तरी सांगायचं नाही, इथपर्यंत मी पोचलो होतो, आणि काचेपलीकडे माझी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मेंदूला सूज आली होती, असं सांगितलं.

मी पुष्कळदा स्वतःशी मांडून पाहिलं आहे. पहिल्याच सकाळी तिला नेलं असतं तर काय झालं असतं? तिला रोज इंजेक्शन घ्यावं लागलं असतं. अकादमीचं दार बंद झालं असतं, कायमचं. ते तर कसंही बंद होणारच होतं. जगातली कुठलीही पूड ते उघडणार नव्हती. म्हणजे मी जे वाचवत होतो ते त्या सकाळी आधीच संपलेलं होतं, आणि जे वाचवता येत होतं त्याला मी रोज पहाटे पाचशे पावलं जास्त चालवत होतो. आज ती वीस वर्षांची असती. कदाचित माझ्यावर चिडलेली असती, माझ्याशी बोलत नसती, दार आपटून जात असती. त्या दाराच्या आवाजासाठी मी काय देणार नाही! पण द्यायला माझ्याजवळ काही नाही, आणि घेणारंही कुणी नाही.

तेराव्या दिवशी बदलापूरच्या घरी आई सगळ्यांसमोर वैशालीला म्हणाली, “तू घरात व्हतीस ना? हा कामावर जाणारा बाप्या. तू काय करत व्हतीस?” आईची नात गेली होती, तिला कुणालातरी विचारायचं होतं. वैशालीनं मान खाली घातली. उत्तर माझ्या तोंडात होतं. मी पानं उचलायला गेलो.

असंच होत गेलं. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, आज नको, आज ती फार खचली आहे. आणि जेव्हा ती जराशी सावरलेली दिसे तेव्हा म्हणायचो, आज नको, आज ती जरा सावरली आहे. वैशाली आमच्या इमारतीतल्या मुलांना जिन्यात थांबवू लागली. “तहान फार लागते का रे? वजन कमी झालंय का गं तुझं?” आधी आया तिला समजून घेत. मग त्या मुलांना लिफ्टनं नेऊ लागल्या. एकदा तिनं मला विचारलं, “माझ्यात काही कमी होतं का हो? प्राण्यांनाही कळतं म्हणतात, पिल्लू आजारी पडलं की.” मी पेपर वाचत होतो. पेपर तसाच धरून ठेवला. त्या पानावर काय होतं ते मला आजही आठवत नाही, पण माझे अंगठे आठवतात.

गेल्या रविवारी बदलापूर गावात जेवायला गेलो होतो. माझ्या धाकट्या भावाची मुलगी आर्या अकरा वर्षांची आहे, तिला वैशालीचा लळा आहे. सुट्टीचे आठ दिवस मोठ्या काकूकडे राहायचं म्हणून तिनं सकाळपासून पिशवी भरून ठेवली होती. जेवणं झाली. आम्ही निघालो. वैशालीनं एका हातात आर्याची पिशवी घेतली, दुसऱ्या हातात तिचा हात. तिच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं.

ओट्यावर बसलेली आई म्हणाली, “पोरीला नको नेऊ.”

“आठ दिवस तर आहेत, आई,” भाऊ म्हणाला.

“आठ दिवस लय झाले. हिला पोर आजारी पडलेली कळत नाय. एकदा बगितलं ना आपण?”

“आई, गप बस!” भाऊ ओरडला. त्याची बायको खाली बघत राहिली. वैशालीनं पिशवी ओट्यावर ठेवली. जावेनं ती उचलून पुन्हा तिच्या हातात दिली नाही, हेही मी पाहिलं. वैशालीनं आर्याच्या केसांवरून हात फिरवला.

“आईंचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “तू इथेच राहा हं बाळा.”

ती चिडली असती तर मी तेव्हाही गप्प बसलो असतो. रडली असती तर तिला घरी घेऊन गेलो असतो, पाणी दिलं असतं आणि गप्प बसलो असतो. पण ती ते मान्य करून बसली होती. कुणी जात विचारावी आणि आपण सांगावी इतक्या साधेपणानं तिनं ते सांगितलं. मी तिच्या माथी मारलेला खोटेपणा आता तिचा स्वभाव झाला होता.

“आई,” मी म्हणालो, “हिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.”

कुणाला काही कळलं नाही. भाऊ म्हणाला, “दादा, काय बोलतोस?” मी सगळं सांगितलं. यंत्र, आकडा, पूड, पहाटेचं चालणं. डॉक्टरांना मी ‘नाही’ म्हणालो तेही. उभ्यानंच सांगितलं, बहुधा पाचएक मिनिटांत. आईनं पदर तोंडाला लावला. पूड तिच्या हातची होती. भावाच्या बायकोनं आर्याला आत नेलं.

वैशाली माझ्याकडे पाहत होती. सासूसमोर तिनं मला कधी ‘अहो’शिवाय हाक मारलेली नाही.

“तू तिला सांगितलंस, आईला सांगू नकोस म्हणून?”

“हो.”

“आणि तिनं ऐकलं.”

“हो.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

ती ओट्याच्या पायरीवर बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “रिक्षात ती मला काहीतरी सांगत होती. मला कळलं नाही ते. मी रिक्षावाल्याला ओरडत होते.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघा दुखतो, तसाच बसलो. आई होती, भाऊ होता, कुंपणापलीकडे शेजारी उभे राहिले होते. मी म्हणालो, “वैशाली, तुला दिसलं होतं. तू विसरलीस, मी विसरलो नाही. तिसऱ्याच दिवशी तू स्वयंपाकघरातून मला म्हणालीस, ही सारखी पाणी पितेय, उतरलीय, डॉक्टरांना दाखवूया का? आणि मी म्हणालो, मी बघतोय, तू नको काळजी करूस. तुला दिसलं होतं. मी तुझं दिसणं खोटं पाडलं, आपल्या मुलीला तुझ्याशी खोटं बोलायला लावलं, ती गेल्यावर तीन वर्षं तुला दोषी राहू दिलं. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. माफ कर म्हणायचं तोंड मला नाही. तरी म्हणतो, वैशाली, मला माफ कर.”